तपकिरी सापांतला पांढरा रंग

साप पाळणाऱ्या माणसाचा दिवस उंदरांपासून सुरू होतो. सकाळचा चहा झाला की मी मागच्या पडवीत जाते, उंदरांच्या पेट्यांतला भाताचा तूस बदलते, पाण्याच्या बाटल्या भरते, कुठली मादी व्याली ते बघते. मग साबणाने हात धुते आणि सापांच्या खोलीचं दार उघडते. घरी येणाऱ्यांना ती खोली बघायची असते. उंदरांचं नाव काढलं की ते नाक मुरडतात. पण उंदीर चांगला नसेल तर साप चांगला होत नाही, आणि मी या धंद्यात आले तीसुद्धा गणपतीसारखी उंदरावर बसूनच.

लोट्याला एका औषध कंपनीच्या प्राणीघरात मी नोकरीला होते. औषधांच्या चाचण्यांसाठी लागणारे पांढरे उंदीर वाढवायचे, ही माझी नोकरी. राजापूरकडच्या आमच्या बौद्धवाडीतली विज्ञान शिकलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे वडिलांना माझा फार अभिमान. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मात्र मुलगी नक्की काय काम करते हे ते लोकांना सांगायचे नाहीत. 'कंपनीत संशोधनात आहे' एवढंच म्हणायचे. पुढे कंपनीने ते प्राणीघर बंद केलं. आमच्या ह्यांची जिल्हा परिषदेतली नोकरी रत्नागिरीला होती, म्हणून आम्ही मांडवीच्या मागच्या आळीत घर घेतलं आणि मी घरी बसले.

एके दिवशी फोन आला. पलीकडे एक म्हातारा, खरखरीत आवाजाचा माणूस.

"तुम्ही उंदरांच्या बाई ना?"

मी म्हटलं, "हो, पण आता कंपनी सोडली."

"सोडली ती बरी केलीत. मला उंदीर हवेत. पुण्यावरून मागवतो ते एसटीत मरतात. तुम्ही वाढवाल काय?"

हे बशीरकाका. आयुष्यभर बोटीवर होते. बोटीवरचे शीतकक्ष, म्हणजे मासळी आणि मटण गोठवून ठेवायच्या खोल्या, चालू ठेवायचं त्यांचं काम. निवृत्त होऊन मांडवीला समुद्राकडे तोंड असलेल्या जुन्या घरात राहत होते. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन मस्कतला. उंदीर कशाला हवेत ते त्यांनी फोनवर सांगितलं नाही. मी पहिली खेप घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला माडीवर नेलं. खोलीत भिंतीला लागून लाकडी मांडणी होती, तिच्यात काचेची पुढची बाजू असलेले खण. एका खणातून त्यांनी साप काढला आणि मनगटावर घेतला.

मी दारातच थांबले. भीती होतीच, खोटं कशाला सांगू. आमच्या वाडीत साप निघाला की काठ्या निघायच्या. पण भीतीहून मोठं काहीतरी झालं. खिडकीतून दुपारचं ऊन आत येत होतं आणि त्या उन्हात काकांच्या हातावर निखाऱ्याचा रंग हळूहळू सरकत होता. भगव्यावर लाल ठिपके, प्रत्येक लाल ठिपक्याला बारीक पांढरी कड, आणि डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. काळ्याचा कुठे थेंब नाही. साप काळा असतो, करडा असतो, मातीसारखा असतो, एवढंच मला माहीत. कुणी तरी सांजवेळचं आभाळ गुंडाळून हातात धरावं, तसं ते दिसलं.

काका म्हणाले, "बाय, तू उंदराला घाबरत नाय. मग ह्याला कशाला घाबरतेस? हा तर उंदरापेक्षा गरीब. उंदीर चावतो तरी."

मी हात पुढे केला. साप गार असेल, चिकट असेल असं वाटलं होतं. तो कोरडा होता, गुळगुळीत, आणि आतून काहीतरी एकसारखं चाललेलं होतं, जसा पाण्याचा नळ हातात धरल्यावर आतलं पाणी कळतं. माझी भीती त्या दुपारी गेली ती परत आली नाही.

या जातीला कॉर्न स्नेक म्हणतात. अमेरिकेतली धामणीच्या नात्यातली जात. आपल्या धामणीपेक्षा लहान आणि पुष्कळच शांत. विष नाही. पोटाखाली काळ्यापांढऱ्या चौकटी असतात, त्या तिकडच्या रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणून हे नाव पडलं म्हणे. मूळ रंग तपकिरी-भगवा. माणसाच्या हाताखाली पिढ्यानपिढ्या वाढल्यावर त्यातून इतके रंग निघाले की मोजायला बसू नये. आपल्या रानातला साप, मग तो साधा दिवड का असेना, घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. हे परदेशी पाहुणे वेगळ्या नियमांत बसतात. काकांनी आपले साप रीतसर घेतलेले होते आणि वनखात्याच्या माणसांना स्वतःहून बोलावून दाखवलेले होते. मीही तोच शिरस्ता पाळला. आणि एक गोष्ट काका प्रत्येक घेणाऱ्याला ऐकवायचे: कंटाळा आला तर इथे आणून द्या, रानात सोडू नका. आपल्या रानाला हा पाहुणा झेपणार नाही.

मी उंदीर द्यायला जायची ती तासन्‌तास तिथेच बसायची. हळूहळू काकांचा उजवा हातच झाले. त्यांच्याकडे तेव्हा दोन साप विशेष होते. एक ती निखाऱ्यासारखी मादी. दुसरा नर, डोक्यापासून शेपटीपर्यंत करडा, पावसाळ्यातल्या समुद्रासारखा. त्याच्या अंगावर लाल-पिवळ्याची पुसटशी छटासुद्धा नव्हती. एके दिवशी काका त्या दोघांकडे बघत म्हणाले, "ह्या दोघांत मिळून एक पांढरा हाय."

मी विचारलं, "कुठे?"

"आत. दिसत नाय. काढायला लागंल."

आता हे बाहेरच्या माणसाला सोपं करून सांगते. सापाच्या अंगावर रंग घालण्याच्या दोन मुख्य कृती असतात असं समजा. एक काळ्याची, एक लालची. पिल्लाला प्रत्येक कृतीच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत खराब निघाली तरी दुसरीवर काम भागतं. दोन्ही खराब असल्या तरच तो रंग अंगावर येत नाही. निखाऱ्यासारख्या मादीला काळ्याची कृती येत नव्हती. करड्या नराला लालची येत नव्हती. ज्या पिल्लाला दोन्ही येणार नाहीत ते पांढरं.

मी उंदरांत असली जोडणी केलेली होती, म्हणून चटकन कळलं. पण उंदरांची पिढी काही आठवड्यांत होते. सापाला वर्षं लागतात. शिवाय त्यांना आधी हिवाळा लागतो. त्यांच्या देशात थंडीत ते निजतात, आणि त्या झोपेतून उठले की जोडीला तयार होतात. आमच्याकडे पौषातसुद्धा दुपारी घाम येतो. दुसरे पाळणारे थंडीवाचून भागवतात, कधी जमतं, कधी नाही. काकांना तसं चालणार नव्हतं. त्यांनी बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातलं एक कपाट आणलं, त्याचं यंत्र खोललं, आपल्या हाताने तारा जोडल्या, आणि त्या कपाटात अमेरिकेतला हिवाळा तयार केला. फार गार नाही, बेताचा. रोज थोडा थोडा उतरवायचा, दोन महिने ठेवायचा, मग रोज थोडा थोडा चढवायचा. बाहेर मांडवीवर लोक उन्हाच्या टोप्या घालून भेळ खात होते आणि आत दोन साप बर्फाच्या देशातली झोप घेत होते. ते कपाट उघडून मी हात आत घातला की मला दरवेळी नवल वाटायचं. काकांना वाटायचं नाही. "आयुष्यभर तेच केलं," म्हणायचे. "फरक एवढाच, तेव्हा आतली मासळी मेलेली असायची."

त्या वर्षी अंडी झाली आणि पिल्लं निघाली. सगळीच्या सगळी तपकिरी. एक लाल नाही, एक करडं नाही. मी इतकं समजून होते तरी मनातून हिरमुसले. डोळ्यांनी बघितलेल्या दोन सुंदर रंगांतून हे मातकट पिल्लांचं भेंडोळं. काका मात्र खूश होते. एकेक पिल्लू उचलून उजेडात धरायचे.

"काय बघताय?" मी विचारलं.

"काय दिसत नाय ते बघतोय," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या पोटात दोन्ही बिघाड हायेत, एकेका प्रतीत. वरून साधी. आता ह्यांची ह्यांच्यातच जोडी लावायची. चारातलं एक काळ्याशिवाय निघंल. चारातलं एक लालशिवाय निघंल. दोन्ही शिवाय निघंल तो सोळात एक. नशीब असंल तर."

आम्ही एक नर आणि एक मादी ठेवली, बाकीची चांगल्या घरी दिली. भावंडांची जोडी हे ऐकून लोक चेहरा वाकडा करतात. पाळीव प्राण्यांत दडलेला रंग वर काढायला एकदा ते करतात आणि पुढच्या पिढीला बाहेरचं रक्त आणतात. सापाला नात्याची लाज नसते.

मादी मोठी व्हायला तिसरं वर्ष उजाडलं. मधल्या काळात काकांच्या छातीत दुखायला लागलं आणि मुलगी त्यांना मस्कतला घेऊन गेली. जायच्या आधी त्यांनी मांडणी, कपाट, साप, सगळं माझ्याकडे पाठवलं. टेम्पोतून साप उतरताना आमच्या आळीतल्या बायका गच्च्यांवर उभ्या होत्या. आमचे हे शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "आमच्या बेडरूममध्ये नाही ना यायचे?" मी म्हटलं नाही. "मग चालू दे," म्हणाले.

त्या वर्षांत माणसं फार बघितली. एक गृहस्थ दुतोंड्या साप आहे का विचारायला आले. तो ठेवला की जमिनीखालचं धन दिसतं अशी त्यांची पक्की समजूत. मी म्हटलं, "मला दिसलं असतं तर मी उंदीर वाढवले असते का?" ते विचारात पडले आणि चहा पिऊन गेले. नाटे गावाहून माझी मावसबहीण आली होती, नवऱ्याची मासेमारीची होडी. निखाऱ्यासारख्या मादीकडे बघून ती म्हणाली, "शिजवलेली कोलंबीच की गो." तेव्हापासून आमच्या घरात त्या मादीचं नाव कोलंबी.

पण मनात राहिले ते मोहिते. लोट्याच्या कंपनीची बस चालवायचे. पहाटेच्या पाळीला माणसं सोडायची, परतताना रस्त्यावर साप दिसला की बस थांबवून उतरून मारायचा, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ शेतात फुरसं चावून गेला होता. "आता मुलगी मोठी झाली. ती माझ्याबरोबर बसमध्ये असताना एकदा मी साप मारला, तेव्हापासून ती माझ्या बसमध्ये बसत नाही," ते म्हणाले. "मला एकदा साप हातात घ्यायचाय. जमेल का बघतो."

जमलं नाही. ते सुट्टीच्या दिवशी यायचे, खुर्चीत बसायचे, मांडणीकडे बघायचे आणि जायचे. मी आपली कामं करत असे. कितीतरी वेळा आले. एकदा मी सांभाळायला ठेवलेला तपकिरी नर हातात घेऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी एक बोट पुढे केलं आणि त्याच्या पाठीला लावलं. सापाने मान वळवून त्यांच्या नखावर जीभ लावली.

"काय करतोय तो?" मोहित्यांनी विचारलं.

"वास घेतोय. तुम्ही कोण ते बघतोय."

त्यांनी बोट मागे घेतलं नाही. मग म्हणाले, "आमच्या भावाला चावला त्यालाही माहीत नव्हतं ना, तो कोण ते." त्यांनी साप कधीच नेला नाही. पण पुढे मुलीला घेऊन यायला लागले, बसमधूनच.

त्या हिवाळ्यात, म्हणजे कपाटातल्या हिवाळ्यात, मी तपकिरी भावंडांना झोपवलं. जागी झाल्यावर जोडी जमली. मादी फुगली, तिने कात टाकली, आणि मी ओलसर काथ्याच्या भुशाने भरलेला डबा तिच्या खणात ठेवला. तिने एका सकाळी अंडी घालायला सुरुवात केली. सापाची अंडी कोंबडीसारखी टणक नसतात. चामड्यासारखी, लांबट, आणि घातल्या घातल्या एकमेकांना चिकटतात. जशी पडली तशीच ठेवायची. उलटी केली तर आतला जीव गुदमरतो. चौदा अंडी मी अलगद उचलली, आणि ज्यात मासळी येते तसल्या थर्माकोलच्या खोक्यात, ऊब धरून ठेवायची सोय केलेली होती तिथे ठेवली.

मादी उठली नाही. तिच्या शेपटीकडच्या भागात दोन फुगवटे दिसत होते. दोन अंडी आत राहिली होती.

मी वाट बघितली. दुसऱ्या दिवशीही ती तशीच. कळ येत होती, अंग आवळायचं आणि सुटायचं, पण फुगवटे हलत नव्हते. तिच्या तोंडाकडे बघवेना. सापाला चेहऱ्यावर वेदना दाखवता येत नाही, पापणीसुद्धा नसते. ती फक्त मान जमिनीला टेकवून पडली होती. अशा वेळी काही केलं नाही तर ती मरणार, हे मला माहीत होतं. काकांना फोन लावला. ते म्हणाले, "बाय, इथून मी काय करू? डॉक्टर बघ."

रत्नागिरीत सापाचा डॉक्टर कुठून आणणार? मी मादीला कापडी पिशवीत घालून, पिशवी टोपलीत ठेवून जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉ. मयेकर एका बोकडाचा पाय बांधत होते. मी सांगितलं तसे ते हात पुसत माझ्याकडे बघत राहिले.

"ताई, मी आजवर साप हातात धरलेला नाही," ते म्हणाले. "शिकलो तेव्हा पुस्तकात होता, तेवढाच." मग हात धुवायला वळत म्हणाले, "पण सुई धरता येते. तुम्ही धरा तिला."

त्यांनी मुंबईला आपल्या जुन्या सरांना फोन लावला, फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. सर सांगत होते, डॉक्टर एकेक वाक्य परत म्हणून खात्री करून घेत होते. अंडं आतून फोडायचं नाही, ओढायचं नाही. बाहेरून बारीक सुईने त्यातला रस काढून घ्यायचा, म्हणजे ते पिचकतं आणि मादी स्वतः बाहेर टाकते. सुई दोन खवल्यांच्या मधून घालायची.

मी तिला दोन्ही हातांत धरलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा बोट लावलं तेव्हा त्यांचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. मग त्यांचा हात स्थिर झाला. इतका स्थिर हात मी कंपनीतसुद्धा बघितला नव्हता. बोकडाचा मालक बाहेर गेला होता तो खिडकीशी येऊन उभा राहिला. सुईतून पिवळा, दाट रस हळूहळू वर चढला. मादी एकदाच आवळली आणि तिने माझ्या मनगटाभोवती शेपटीचा वेढा घातला. मी तिला म्हटलं, "थांब गो, झालंच." कुणाशी बोलतेय याची मला शुद्ध नव्हती.

दोन्ही फुगवटे बसले. डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली आणि मगच बोटाने तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. म्हणाले, "किती मऊ आहे हो ही. मला वाटलं होतं..." मी निघताना म्हणाले, "अंडी उबली की मला बोलवा. मला बघायचंय."

संध्याकाळपर्यंत एक पिचकलेलं अंडं बाहेर आलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. मादी पाणी प्याली. पुढच्या आठवड्यात तिने छोटा उंदीर घेतला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले.

मग ती दोन महिन्यांची वाट. अंड्याच्या खाली बॅटरी धरली की आत लाल शिरांचं जाळं दिसतं, झाडाच्या मुळांसारखं. थोड्या दिवसांनी त्यात सावली हलते. इतकी वर्षं झाली, अजूनही त्या उजेडात बघताना माझं बोलणं आपोआप हळू होतं. आत रंग ठरून गेलेला असतो आणि मला एकाचाही पत्ता नसतो.

पहिल्या अंड्याला चीर पडली ती एका दुपारी. पिल्लाच्या नाकावर इवलासा दात असतो, त्याने ते आतून कवच कापतं. मग लगेच बाहेर येत नाही. डोकं काढून बसतं, जग बघतं, परत आत जातं, एखादा दिवससुद्धा. पहिलं तपकिरी. दुसरं तपकिरी. तिसऱ्या चिरेतून बाहेर आलं ते लाल नाक, डाळिंबी डोळे. कोलंबीच्या नातवंडात कोलंबी उतरली होती, मधल्या पिढीत तिचा मागमूस नसताना. मग एक करडं. मग पुन्हा तपकिरी, पुन्हा लाल. मी खोक्याजवळ खुर्ची घेऊन बसले होते, आमचे हे जेवण गरम करून तिथेच आणून देत होते आणि न विचारताच खोक्यात डोकावत होते.

बारा पिल्लं निघाली. एकाचंही अंग पांढरं नव्हतं. दोन अंडी उरली. एक आत दबलं होतं, त्यावर बुरशी धरली होती, ते मेलेलं. दुसरं भरलेलं, घट्ट, पण त्याला चीर पडत नव्हती. बाकीची पिल्लं बाहेर येऊन पहिली कात टाकायच्या बेताला आली तरी ते तसंच.

आमच्या धंद्यात अशा वेळी दोन मतं असतात. काही जण कात्रीने बारीक चीर देतात, कारण कधी कधी पिल्लू अशक्त असतं आणि आतच गुदमरतं. काही म्हणतात, हात लावू नका. आत अजून पिवळं शिल्लक असेल आणि शिरा तुटल्या तर चांगलं पिल्लू रक्त जाऊन मरेल. मी कात्री उकळून ठेवली होती. काकांना फोन करून चित्र दाखवलं. ते बराच वेळ बघत होते.

"काय करू?" मी विचारलं.

"माझ्या हातात असता तर मी कापला असता," ते म्हणाले. "आणि मी पुष्कळ घालवलेत तसे. तुझ्या मनाने कर."

मी बॅटरी लावली. आत सावली हलली. दुबळी नव्हती, सावकाश होती. शिरा अजून भरलेल्या दिसत होत्या. मी कात्री ठेवून दिली. बरोबर केलं की चूक, हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच वाटलं, की ज्याला वेळ हवाय त्याला तो द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. मयेकर आले. गोळपला कुणाची म्हैस बघायला चालले होते, वाटेत थांबले. त्यांना मी आधी मादी दाखवली, मग पिल्लं. ते एकेक खणासमोर उभे राहत होते. "एकाच आईची?" तीन वेळा विचारलं. मग मी त्यांना शेवटचं अंडं दाखवायला खोक्याचं झाकण काढलं.

अंड्यावर घामासारखा एक थेंब होता. त्याच्या शेजारी केसाएवढी चीर. आम्ही दोघं वाकलो. चीर रुंदावली, एक बुडबुडा आला, फुटला, आणि त्यातून एक नाक बाहेर आलं. ते गुलाबी होतं. नंतर डोळे, गुलाबी. नंतर डोकं. त्या डोक्यावर लाल नव्हतं, काळं नव्हतं, तपकिरी नव्हतं. कोकमाचं आगळ घातलेल्या नारळाच्या दुधाचा रंग, आणि त्यात पाण्याखाली दिसावी तशी फिकट नक्षी. नक्षी सगळी जागच्या जागी होती, फक्त तिला भरायला रंग नव्हता.

मी हातातलं झाकण खाली ठेवलं. डॉक्टरांनी हात जोडल्यासारखे केले आणि मग जोडलेले हात आपल्याच लक्षात येऊन खिशात घातले. मागे आमचे हे केव्हा येऊन उभे राहिले होते कळलं नाही. ते म्हणाले, "सोलकढी." तेच नाव राहिलं.

काकांना फोन लावला. तिकडे सकाळ नुकतीच होत होती. चित्र दिसेल असा मी फोन खोक्यावर धरला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जवळ ने," ते म्हणाले. मी नेला. "अजून." पिल्लाने जीभ बाहेर काढली, फोनच्या काचेला लावली. काका हसले, आणि म्हणाले, "मला ओळखत नाय तो. मी ह्याच्या आजी-आजोबांपासून वाट बघतोय ह्याची." मग मागून मुलीचा आवाज आला, की बाबा गोळी घ्या, आणि त्यांनी तिलाही फोनजवळ बोलावलं.

सोलकढीने सुरुवातीला खाल्लं नाही. अशी पिल्लं असतात. उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात धुऊन, अंधाऱ्या डबीत ठेवून, डबी कापडाने झाकून बघितलं; चौथ्या प्रयत्नाला तिने घेतलं. आळीत बातमी फिरली आणि नागपंचमीला बायका दूध-लाह्या घेऊन दारात आल्या. मी त्यांना समजावलं, की हा नाग नव्हे, साप दूध पीत नाही आणि पाजलं तर आजारी पडतो. त्यांनी दुरून बघितलं, लाह्या आमच्या पायरीवर ठेवल्या आणि गेल्या. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते माझ्या डोळ्यांत होतं त्याहून फार वेगळं होतं असं मला म्हणवत नाही. पुष्कळांनी सोलकढी मागितली. मी दिली नाही. खंत एवढीच, की काका परत आले नाहीत; तिकडच्या डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. मांडवीचं घर बंद आहे.

सोलकढी आता पूर्ण वाढली आहे. मला वाटत होतं तिचा रंग मला पाठ झाला. यंदा तिने कात टाकली, मी तिला उन्हात घेतलं, आणि हनुवटीखाली काहीतरी दिसलं. आधी वाटलं हळद लागली माझ्या हाताची. बोट ओलं करून पुसलं. पुसलं गेलं नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी, अगदी पुसट, पिवळा रंग खाली उतरत होता. तिच्या लाल आजीत तो नव्हता, करड्या आजोबात मला कधी दिसला नव्हता, आईबापात असेल तर तपकिरीखाली झाकलेला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पुस्तकात वाचलं असेल तर विसरले होते.

काकांना फोन केला. आता त्यांना नीट दिसत नाही. मी सांगितलं, "काका, तिच्या गळ्याला पिवळा आलाय."

"पांढऱ्यात?"

"पांढऱ्यात."

"किती?" त्यांनी विचारलं.

"आता थोडाच आहे. वाढतोय असं वाटतंय."

"मग पुढच्या कातीला फोन कर," ते म्हणाले. "कितीपर्यंत आला ते सांग."

मी सोलकढीला हातावरून उतरवलं नाही. ऊन पायरीवरून अंगणात गेलं तशी मी तिला घेऊन अंगणात गेले, आणि ती मान उंच करून ऊन कुठून येतंय ते बघत राहिली.